गिरणगावचा खासदार

पहिल्या लोकसभा निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ नावाचा एक मतदारसंघ होता. गिरणगाव, म्हणजे परळ-लालबागकडची कापड गिरण्यांची वस्ती, त्यातच होती. त्याचा १९५२ चा निकाल मी अनेकदा काढून वाचते. विठ्ठल बाळकृष्ण गांधी, काँग्रेस, १,४९,१३८. अशोक मेहता, समाजवादी पक्ष, १,३९,७४१. नारायण सदोबा काजरोळकर, काँग्रेस, १,३८,१३७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, १,२३,५७६. श्रीपाद अमृत डांगे, कम्युनिस्ट पक्ष, ९६,७५५. खाली आणखी तीन नावं आहेत. यातले पहिले आणि तिसरे निवडून आले. दुसरे आणि चौथे पडले.

आज हे कोड्यासारखं वाटतं, कारण आपल्याला एक मतदार, एक मत, एक खासदार याची सवय आहे. तेव्हा हा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदार तेच, पण प्रत्येकाला दोन मतं, आणि ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच उमेदवाराला दिली की त्यातलं एक बाद. मोजणी झाल्यावर अनुसूचित जातींच्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं, तो राखीव जागेवर. मग उरलेल्या सगळ्यांमध्ये जो पुढे, तो दुसऱ्या जागेवर. म्हणून काजरोळकरांपेक्षा जास्त मतं घेऊनही अशोक मेहता दिल्लीला गेले नाहीत. आणि ज्यांनी आदल्याच दशकात राज्यघटनेचा मसुदा तयार केला, ते बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले.

मतदानाची रीतही वेगळी होती. शिक्का नव्हता, फुली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. पडद्याआड जायचं आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस आणि विळा. त्या निवडणुकीच्या लाखो पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. आजी सांगायची की मतदानाच्या आधी कार्यकर्ते चाळीत येऊन बायकांना शिकवून गेले होते: कागद दोन, पेट्या दोन, एका पेटीत दोन्ही टाकायचे नाहीत. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तेव्हाच मत दिलं. आणि परत येऊन ताबडतोब भाकऱ्यांना बसली, कारण घरात आमच्या माणसांखेरीज गावाकडचे चार गडी खानावळीसारखे जेवायला असत आणि दुसऱ्या पाळीचे डबे जायचे होते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पाटण तालुक्यातून परळला आले आणि गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, लागले. ते लाल बावट्याचे. त्यामुळे डांगेंच्या ९६,७५५ मतांमधलं एक आबांचं, याबद्दल मला शंका नाही. त्यांचं दुसरं मत कुठे गेलं, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही.

हा प्रश्न मला का छळतो, ते सांगते. निवडणुकीनंतर आंबेडकर आणि मेहता दोघांनी मिळून निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली. ७४,३३३ मतं बाद ठरली, ती मोजलीच गेली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसरं मत दुसऱ्या कोणाला देण्यापेक्षा वाया घालवा, असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, हा आरोप डांगेंवर होता. ‘मतं कुजवली’ हा शब्द मुंबईच्या राजकारणात तेव्हापासून रुजला आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी तो मी स्वतः ऐकला आहे. याचिका फेटाळली गेली. पण सत्तर हजारांहून जास्त कागद वाया गेलेले आणि पराभव साडेचौदा हजारांचा, हे दोन आकडे शेजारी शेजारी राहिलेच.

तरी मला वाटतं, सगळा दोष डांगेंच्या खात्यावर टाकणं सोपं आहे आणि पुरेसं नाही. समाजवादी पक्ष आणि फेडरेशन यांची युती होती. समाजवादी मतदारानं एक मत मेहतांना आणि दुसरं आंबेडकरांना द्यायचं, हे ठरलेलं. मेहतांना मिळाली १,३९,७४१ आणि आंबेडकरांना १,२३,५७६. तफावत १६,१६५ मतांची, म्हणजे पराभवाच्या फरकापेक्षा मोठी. मेहतांना जेवढी मतं मिळाली तेवढीच बाबासाहेबांना मिळाली असती, तर ते काजरोळकरांच्या १,६०४ मतं पुढे असते. आता काँग्रेसची जोडी बघा. गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. दोन्ही जोड्यांत राखीव जागेचा उमेदवार मागे. एखाद्या ठिकाणी उमेदवाराची ओळख, प्रचार, अशी इतर कारणं असतील. पण दोन्हीकडे उणीव एकाच बाजूला आहे, आणि ती बाजू कोणती हे सांगायला अभ्यासक लागत नाही. पडद्याआड एकटा उभा राहिलेला माणूस युतीचा पहिला कागद बरोबर पेटीत टाकत होता आणि दुसऱ्या कागदापाशी त्याचा हात अडत होता. कामगारांची एकजूट म्हणून ज्या परळ-दादरच्या पट्ट्याचं नाव घेतलं जातं, तिथे हे घडलं. हे मला दुखतं, आणि म्हणूनच आबांच्या दुसऱ्या मताबद्दल मी इतकी वर्षं विचार करते आहे.

बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. लोकसभेत ते कधीच निवडून गेले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले, आणि दादर चौपाटीकडे जी अंत्ययात्रा निघाली, ती त्यांना हरवलेल्या याच वस्तीतून गेली. गिरण्यांचे कामगार रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे होते, असं आजी सांगायची.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण वाटतं. मतदारसंघांची नावं आणि हद्दी बदलल्या होत्या. ‘उत्तर’ हे नाव उपनगरांकडे सरकलं आणि तिथून काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. दक्षिणेत स. का. पाटील होतेच. मधला गिरणगावचा पट्टा ‘मुंबई शहर मध्य’ झाला, आणि तो पुन्हा द्विसदस्य होता. पण आता संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं. गोळीबारात शंभराहून अधिक माणसं गेली होती, त्यांत गिरणी कामगार होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. मध्य मुंबईत समितीचे दोन उमेदवार होते: कम्युनिस्ट डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. दोघेही निवडून आले.

पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात कोर्टकज्जा झाला, त्याच दोन पक्षांचे दोन खासदार त्याच मतदारांनी एकाच दिवशी दिल्लीला पाठवले. दोन कागद, दोन पेट्या, तीच रीत. या वेळी दुसऱ्या कागदापाशी हात अडला नाही. बाबासाहेबांना हे बघायला मिळालं नाही, ही हळहळ मला नेहमी वाटते. मुंबई महाराष्ट्रात हवी, या एका मागणीनं ते साधलं. आबा १९५७ बद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. मतदानाला कोण कोण आलं, कोणाला पाठीवर बसवून आणलं, कुठल्या नाक्यावर कोणी पोवाडा म्हटला, सगळं त्यांना नावांसकट आठवे. १९५२ चा विषय काढला की मात्र ते पान लावायला घ्यायचे.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं रद्द झाले. माझ्या मते ते बरंच झालं. एवढ्या मोठ्या मतदारसंघाचा प्रचार गरीब उमेदवाराला झेपणारा नव्हता आणि मतं कुजवण्याचा डाव त्या पद्धतीतच शक्य होता. पण एक गोष्ट गेली. त्या पद्धतीत सवर्ण मतदाराला दलित उमेदवाराच्या बाबतीत निर्णय घ्यावाच लागत असे आणि दलित मतदारालाही सर्वसाधारण जागेवर हक्क सांगता येत असे. एकाच मतदारानं दोघांचा विचार करायचा, ही सक्ती मला आवडते. तिच्यामुळेच आज सत्तर वर्षांनीसुद्धा १९५२ च्या आकड्यांतून आपल्याला समाज दिसतो.

१९६२ मध्ये गिरणगावचे दोन तुकडे झाले, मध्य दक्षिण आणि मध्य उत्तर. आणि निवडून कोण आले? विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. दहा वर्षांपूर्वीची जोडी, आता शेजारच्या दोन मतदारसंघांतून. महाराष्ट्र मिळाला होता, समिती फुटली होती, आणि चीनच्या सीमेवरून कम्युनिस्टांबद्दल संशय वाढत होता. डांगे पडले. १९६७ मध्ये मध्य दक्षिणेतून ते पुन्हा निवडून आले. त्याच वर्षी शेजारच्या दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडलं, आणि मुंबईत काहीही होऊ शकतं असं वाटायला लागलं. १९७१ च्या इंदिरा लाटेत मध्य दक्षिणेची जागा काँग्रेसच्या अब्दुल कादर सालेभॉय यांच्याकडे गेली.

आकड्यांवरून हे झोके दिसतात. घरात काय चाललं होतं ते त्यांच्यात दिसत नाही. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि माझे काका शाखेत जायला लागले. काका तेव्हा विशीच्या आतबाहेर होते, मॅट्रिक झालेले, नोकरी नसलेले. आबांना ते बघवत नसे. ५ जून १९७० च्या रात्री परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागला खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत देसाईंच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या विरुद्ध शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक थोड्या मतांनी जिंकले. शिवसेनेचा हा पहिला आमदार, आणि तो परळचा. त्या काळात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आबा आणि काका एकमेकांशी आईमार्फत बोलत. “वहिनी, आबांना सांगा, मी रात्री उशिरा येईन.” आबा तिथेच चार हातांवर बसलेले. “सूनबाई, त्याला म्हणावं, दाराला कडी असेल.” हे मला आईनं सांगितलं आहे, आणि सांगताना ती कधी हसली नाही. माझे वडील, दादा, तेव्हा नुकतेच बदली कामगार म्हणून गिरणीत लागले होते. ते कोणत्याच बाजूनं बोलत नसत.

१९७४ च्या जानेवारीत मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे खासदार रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाल्यामुळे जागा रिकामी झाली होती. काँग्रेसनं रामराव आदिकांना उभं केलं, शिवसेनेनं त्यांना पाठिंबा दिला. कम्युनिस्टांकडून डांगेंच्या कन्या रोझा देशपांडे. दलित पँथरनं बहिष्कार पुकारला. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा उधळली गेली आणि दंगल पेटली, ती कित्येक दिवस चालली. १० जानेवारीला परळला निघालेल्या मोर्च्यात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. निकाल लागला तेव्हा रोझा देशपांडे जिंकल्या होत्या. काँग्रेसला बहिष्कारामुळे फटका बसला, हे सगळेच मान्य करतात. मला त्यातून दुसरंच काही दिसतं. १९५७ मध्ये ज्या वस्तीनं दोन कागद दोन पेट्यांत एकदिलानं टाकले, तिथे सतरा वर्षांनी एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड पडत होते. दोन्ही चाळींत राहणारे गिरणीतच जात होते, भोंगा दोघांना एकच.

आणीबाणीनंतर १९७७ मध्ये नवीन हद्दी आल्या आणि ‘मुंबई दक्षिण मध्य’ हे नाव आलं. त्या वर्षी मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. दक्षिण मध्य मुंबईनं बाबासाहेबांचे सहकारी, वकील बापू चंद्रसेन कांबळे यांना निवडून दिलं. १९५२ ला पंचवीस वर्षं झाली होती. शेजारच्या उत्तर मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर गेल्या, महागाईच्या मोर्च्यांत लाटणं घेऊन पुढे असणाऱ्या. १९८० मध्ये पुन्हा काँग्रेस, आर. आर. भोळे. या काळाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही, आमच्या घरात तेव्हा राजकारणापेक्षा खोलीच्या पागडीची चर्चा जास्त होती.

मग १८ जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर. मागणी पगाराची होतीच, पण मुळाशी एक जुनी सल होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार गिरण्यांत एकच मान्यताप्राप्त संघटना, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराचा तिच्यावर विश्वास असो वा नसो, मालकाशी बोलण्याचा हक्क तिलाच. आपल्या वतीनं कोणी बोलायचं हे आपल्याला ठरवू द्या, एवढंच कामगार म्हणत होते, आणि त्यांनी डॉ. दत्ता सामंतांना बोलवून आणलं. सामंतांनी त्यांना आधी सावध केलं होतं, हा संप लांबेल असं सांगितलं होतं, हे दादा आवर्जून सांगायचे.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. आम्ही गावी गेलो. मी गावच्या शाळेत बसले, आई शेतात मजुरीला जायला लागली, आणि दादा आठवड्याला एस.टी.नं परळला जाऊन गेटवर काय चाललंय ते बघून येत. गावातलं पहिलं वर्ष कर्जात, दुसरं दागिने मोडण्यात गेलं. हजारो घरांची गोष्ट हीच आहे म्हणून मी जास्त सांगत नाही.

सांगायचं ते १९८४ चं. इंदिरा गांधींची हत्या झाली, डिसेंबरमध्ये निवडणूक आली. काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. मुंबईतल्या सहापैकी पाच काँग्रेसच्या. सहावी दक्षिण मध्य. तिथून दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले. संप हरलेला होता, माणसं देशोधडीला लागली होती, गिरण्यांत पुन्हा कामावर घेताना माफीनामे मागितले जात होते. आणि देशभर सहानुभूतीची एवढी लाट असताना गिरणगावानं त्याच माणसाला मत दिलं, ज्याच्या नेतृत्वाखाली ते उपाशी राहिलं होतं.

लोक म्हणतात, ते भावनेच्या भरात दिलं. मला तसं वाटत नाही. दादा मतदानासाठी गावाहून आले होते. उसने पैसे घेऊन, रात्रीच्या एस.टी.नं, उभ्यानं. आईनं त्यांना विचारलं होतं, “डॉक्टर निवडून आले म्हणून गिरणी चालू होणार आहे का?” दादा म्हणाले, “नाही होणार. पण आपण खोटं बोलत नव्हतो, एवढं तरी लिहिलं जाईल.” ते आले, पालिकेच्या शाळेत रांगेत उभे राहिले आणि त्याच रात्री परत गेले. पगार, नोकरी, संघटना निवडण्याचा हक्क, काहीच हातात उरलं नव्हतं. मत उरलं होतं. गिरणगावच्या साऱ्या निकालांमध्ये मला सर्वांत अभिमान वाटतो तो या निकालाचा.

१९८९ मध्ये मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं, म्हणून माझं पहिलं मत त्याच वर्षीचं. आम्ही परळला परतलो होतो. त्या वेळी शिवसेनेचे वामनराव महाडिक खासदार झाले, तेच १९७० चे परळचे आमदार. १९९१ पासून मोहन रावले. १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४, सलग पाच वेळा. म्हणून आज कोणीही सहज म्हणतं की लालबाग-परळ म्हणजे सेनेचा बालेकिल्ला, पहिल्यापासूनचा. त्याआधीच्या पिढीतला माणूस तेवढ्याच ठामपणे म्हणतो, लाल किल्ला. दोन्ही खरं नाही. काँग्रेस, कम्युनिस्ट, फेडरेशन, रिपब्लिकन, अपक्ष आणि शिवसेना, सगळ्यांना या वस्तीनं खासदारकी दिली आणि रावलेंच्या आधी बहुतेकांकडून एका-दोन खेपेत काढूनही घेतली. त्या त्या वर्षी जो प्रश्न चुलीपर्यंत आला होता, त्या प्रश्नाच्या जवळ जो उभा दिसला, त्याला मत मिळालं. १९५७ मध्ये मुंबई, १९८४ मध्ये संप. नव्वदीत काय प्रश्न होता? नोकरी गेलेल्या बापाच्या मुलाला नाक्यावर आपलं म्हणणारं कोणी हवं होतं, दवाखान्यात खाट मिळवून देणारं, दाखला काढून देणारं. शाखा ते करत होती. माझे काका शाखेच्या रुग्णवाहिकेच्या पावत्या फाडत आणि आबांच्या शेवटच्या आजारात तीच रुग्णवाहिका दारात आली. आबा त्यातून केईएमला गेले. दोघांनी त्यावर एक शब्दही काढला नाही.

त्या वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि घरांना द्यायचं ठरलं होतं, २००१ च्या बदलानं तो वाटा पार आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मालकांच्या बाजूनं निकाल लागला. टॉवर आले, मॉल आले. १९९७ च्या जानेवारीत पवईला सामंतांचा खून झाला. चाळीतली बिऱ्हाडं डोंबिवली, बदलापूर, विरारला जायला लागली. मीही लग्न होऊन डोंबिवलीची झाले.

मतदारसंघ गेला तो असा. मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या पुनर्रचना आयोगाला लोक नावं ठेवतात. आयोगानं २००१ ची जनगणना घेतली, मुंबईच्या वाट्याच्या सहा जागा लोकसंख्येप्रमाणे वाटल्या. उपनगरं फुगली होती, बेटावरची माणसं त्या मानानं घटली होती. हिशोब चुकीचा नव्हता. पण माणसं का घटली, याचं उत्तर गिरण्यांच्या गेटवर होतं, जनगणनेच्या रकान्यात नाही. २००८ मध्ये नव्या हद्दी लागू झाल्या. वरळी, शिवडी, भायखळा हे विधानसभा मतदारसंघ मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाब्याबरोबर ‘मुंबई दक्षिण’मध्ये गेले. ‘मुंबई दक्षिण मध्य’ हे नाव उरलं, पण ते आता धारावी, माहीम, वडाळा, शीव कोळीवाडा, चेंबूर आणि अणुशक्ती नगरचं आहे. नाव एकाकडे, माणसं दुसरीकडे.

२००९ मध्ये आईनं मला फोन करून विचारलं, “अगं, आपले रावले या वेळी दक्षिणेत कसे काय?” मी सांगितलं, आई, तूच दक्षिणेत गेलीस. त्या निवडणुकीत मिलिंद देवरा निवडून आले, दुसऱ्या क्रमांकावर मनसेचे बाळा नांदगावकर आणि तिसऱ्यावर रावले. नांदगावकर आणि रावले यांची मतं एकत्र केली तर ती देवरांपेक्षा जास्त भरतात. २०१४ पासून तिथे अरविंद सावंत निवडून येत आहेत, आणि गिरणगावच्या मतांवाचून ते झालं नसतं हे खरं आहे. म्हणजे वस्तीचा आवाज पूर्ण बुजला असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की आता मिलच्या जमिनीवर हक्काचं घर मागणारा म्हातारा कामगार आणि त्याच जमिनीवरच्या टॉवरमधला रहिवासी यांचा खासदार एक आहे, आणि प्रचाराच्या पत्रकात समुद्राकाठचा रस्ता वरच्या ओळीत असतो, घरांची सोडत खालच्या. कामगारांच्या आणि वारसांच्या अर्जांची संख्या दीड लाखाच्या आसपास सांगितली जाते. घरं मिळालेली त्याच्या कितीतरी कमी. यातले पुष्कळ अर्जदार आता मुंबईचे मतदारच नाहीत, माझ्यासारखे ठाणे-कल्याणकडचे किंवा सातारा-कोकणातले आहेत. त्यांचा प्रश्न मुंबईत, मत दुसरीकडे. कोणत्या खासदारानं त्यांच्यासाठी दिल्लीत उभं राहायचं?

पुढची पुनर्रचना आता फार लांब नाही. जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. आयोग हद्दींचा मसुदा राजपत्रात छापतो, वर्तमानपत्रांत देतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. मागच्या खेपेला आमच्या चाळीत कोणाला याची गंधवार्ता नव्हती, पेपरात आलेली हद्दींची यादी कोणी वाचली नाही. या वेळी मी काही जुन्या शेजाऱ्यांना आतापासून सांगून ठेवलं आहे. शिवडी आणि वरळी पुन्हा मलबार हिल-कुलाब्याला जोडायचे की वडाळा-नायगावला, हा प्रश्न तेव्हा येणारच. माझं मत वडाळा-नायगावच्या बाजूनं आहे. तिथे अजून बीडीडीची माणसं आहेत, गिरणी कामगारांची मुलं-नातवंडं आहेत, आणि घरांचा प्रश्न त्यांचाही आहे. मी आता तिथली मतदार नाही, पण आई आहे. निवेदनावर तिची सही असेल, आणि सुनावणीला मी तिला घेऊन जाणार आहे.